एक्का-दुर्रीचा अर्धा हक्क

तीनपत्तीच्या फडात दुर्रीला काय किंमत असते हे वाचकांस सांगावयास नको. राजा-राणी बाळगणाऱ्याने नुसते वर पाहावे आणि दुर्रीवाल्याने मुकाट्याने पत्ते खाली ठेवावेत, हा तेथला नित्याचा व्यवहार. मात्र त्याच फडात रात्र चढू लागली की कोणी तरी ‘आता मुफलिस होऊ द्या’ असे सुचवितो, आणि मग सारा न्याय उलटा होऊन ज्याचा हात सर्वांत दरिद्री तोच सगळी रक्कम घेऊन जातो, हेही पुष्कळांच्या अनुभवातले असेल. ओमाहा हाय-लो या अमेरिकी खेळाने हे दोन्ही न्याय एकाच डावात आणि एकाच वेळी मंजूर केले आहेत: मध्ये साठलेल्या रकमेचा, म्हणजे पॉटचा, एक अर्धा भाग सर्वांत वरच्या हाताला आणि दुसरा अर्धा सर्वांत खालच्या हाताला मिळतो. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा सर्वांत प्रबळ दावेदार म्हणजे एक्का-दुर्रीची जोडी. आणि नवशिक्या खेळाडूंचे सर्वाधिक द्रव्य ज्या जोडीपायी जाते ती जोडीही हीच. असे का व्हावे, याचा उलगडा करणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

प्रथम नियम. प्रत्येक खेळाडूला चार पत्ते मिळतात, आणि टेबलावर सर्वांच्या सामाईक मालकीचे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उलगडतात: आधी एकदम तीन, ज्यास फ्लॉप म्हणतात, मग चौथा टर्न आणि शेवटचा रिव्हर, प्रत्येक टप्प्यागणिक बोलीची एक फेरी होते. हात पाच पत्त्यांचा बनवावयाचा, आणि त्यांतले नेमके दोन स्वतःच्या चारांतून व नेमके तीन टेबलावरून घ्यावयाचे, या शर्तीत कोणतीही सवलत नाही. वरच्या हातासाठी एक जोडी वापरावी आणि खालच्या हातासाठी दुसरी, याची मात्र मुभा आहे. लो म्हणून दावा करणाऱ्या हातात पाच निरनिराळे पत्ते असावेत, त्यांतला एकही अठ्ठीहून मोठा नसावा, आणि एक्का येथे सर्वांत लहान धरावा. ओळीने आलेले किंवा एका रंगाचे पत्ते असले तरी लोच्या पात्रतेला बाध येत नाही. दोन लो हातांची तुलना मोठ्या पत्त्यापासून करावयाची असल्यामुळे पाचही अंक उतरत्या क्रमाने लिहून ती एक संख्या समजावी आणि लहान संख्येला विजयी मानावे, ही युक्ती सोपी आणि निर्दोष आहे: 86543 ही संख्या 87321 हून लहान, म्हणून एक्का-दुर्री-तिर्री असूनही दुसरा हात हरला. 54321 च्या खाली काहीच नाही. आणि तोच हात वरच्या बाजूने सरळ ओळ, म्हणजे स्ट्रेट, ठरत असल्याने कित्येकदा दोन्ही भागांचा धनी होतो.

या नियमांतून एक गोष्ट निघते, जी वाचताना उघड वाटते आणि खेळताना विसरते. टेबलावर अठ्ठी किंवा त्याहून लहान असे तीन निरनिराळे पत्ते आल्यावाचून लो अस्तित्वातच येत नाही. हातात एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी अशी चौकडी घेऊन बसलेल्या गृहस्थासमोर राजा, राणी, नव्वी, छक्की, पंजी असे पत्ते पडले, तर त्याच्या चारही लहान पत्त्यांना लोच्या दृष्टीने कवडीचे मोल नाही, कारण स्वतःचे तीन पत्ते वापरावयास त्याला परवानगी नाही. अशा डावात लोच होत नाही आणि सगळा पॉट वरच्या हाताकडे जातो. म्हणजे हाय हाताचा हक्क स्वयंसिद्ध आणि लो हाताचा हक्क सशर्त, ही विषमता खेळाच्या पायातच घातलेली आहे.

ओमाहाचा प्रवेश नेवाडातील जुगारगृहांत झाला तो 1980 च्या दशकाच्या आरंभी. रॉबर्ट टर्नर या गृहस्थाने तो लास व्हेगसच्या गोल्डन नगेटमधील पत्त्यांच्या दालनाचा कारभार पाहणाऱ्या बिल बॉइड यांना दाखविला, आणि तेथे तो आरंभी नगेट होल्डेम या नावाने मांडला गेला. खालच्या हाताला जिंकवणारे खेळ अमेरिकेत त्याच्याही पूर्वीपासून रुळलेले होते. कॅलिफोर्नियातील गार्डीना गावच्या पत्त्यांच्या क्लबांत लोबॉल हा खेळ कित्येक वर्षे खेळला जात होता. ओमाहाच्या चार पत्त्यांना लोची ही जुनी हौस जोडली गेली आणि वाटणीचा खेळ तयार झाला. पुढे पाच खेळ आळीपाळीने खेळावयाच्या हॉर्स या प्रकारात त्याला स्थान मिळाले, आणि 2006 साली वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये 50,000 डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स स्पर्धा प्रथमच झाली तेव्हा ती चिप रीझ यांनी जिंकली. इतिहास एवढा पुरे. आपल्याला हिशेबाकडे वळावयाचे आहे.

चार पत्त्यांत निदान एक एक्का आणि निदान एक दुर्री असण्याचा संभव शेकडा 6.4, म्हणजे साधारणतः पंधरा-सोळा डावांतून एकदा. अशी जोडी हाती आली की नवख्या खेळाडूच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरते ती अकारण नसते, कारण टेबलावर तीन लहान पत्ते पडून त्यांत एक्का व दुर्री नसली तर ही जोडी अजिंक्य लो देते, ज्यास खेळाडू नट लो म्हणतात. परंतु टेबलावर नऊ जण असतील आणि आपल्या चार पत्त्यांत एकच एक्का व एकच दुर्री असेल, तर उरलेल्या आठांपैकी कोणा एकाकडे तरी हीच जोडी वाटली गेली असण्याचा संभव शेकडा 32 च्या आसपास भरतो. आपण ज्याला एकछत्री मालमत्ता समजतो तिला तिनांतून एकदा दुसरा वारस असतो, आणि तो वारस लहान पत्ते पाहून डाव सोडणारा नसतो, उलट आपल्याइतक्याच उत्साहाने बोली वाढविणारा असतो.

या दुसऱ्या वारसाने काय होते ते आकड्यांनीच पाहावे. तीन खेळाडूंनी प्रत्येकी 60 चिपा घातल्या, पॉट 180 झाला. एक जण हाय जिंकून 90 नेतो. उरलेल्या 90 चे दोन समान लो हातांत 45-45 असे तुकडे होतात. म्हणजे अजिंक्य लो असलेल्या इसमाने 60 घालून 45 परत घेतले. जिंकलेला म्हणून तो हात पुढे करतो आणि प्रत्यक्षात 15 चिपा गमावून बसतो. यालाच खेळाडूंच्या भाषेत क्वार्टर होणे म्हणतात. चौघे असतील तर पॉट 240, चतुर्थांश 60, जमाखर्च बरोबर. पाच जण असतील तर 75 मिळून 15 चा लाभ. आणि दोघेच उरले असतील, दोघांचा लो समान असेल व हाय समोरच्याचा असेल, तर 120 च्या पॉटमधून 30 हाती येऊन निम्मी रक्कम बुडते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत भाऊ वाढले की प्रत्येकाचे शेत लहान होते, एवढे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. येथेही तुकडे पाडणारे वाढले की हिस्सा घटतो, फक्त इतकेच की जे केवळ वाटणीसाठी पैसे घालतात आणि ज्यांना वाटणी मिळत नाही, असे लोक जितके अधिक तितके बरे. म्हणून क्वार्टर होण्याची शंका आली असता तिघांच्या पॉटमध्ये आपणच बोली वाढविणे म्हणजे आपल्याच तोट्याला खतपाणी घालणे होय, आणि तरीही हे कृत्य रोज कोठे ना कोठे घडत असते, कारण हातात अजिंक्य वस्तू असताना हात आखडता घेणे मनुष्यस्वभावाला जड जाते.

आता याच्या उलट बाजू. वरील तिघांच्या पॉटमध्ये निर्वेध अर्धा मिळाला तर 60 घालून 90 येतात, लाभ 30. पण दोन्ही भाग मिळाले, म्हणजे स्कूप झाला, तर 180 येतात, लाभ 120. हिस्सा दुप्पट झाला आणि लाभ मात्र चौपट. दोघांच्या पॉटमध्ये तर अर्धा मिळाल्याने पदरात शून्य पडते, घातले तेवढेच परत. प्रस्तुत लेखकाच्या मते ओमाहा हाय-लोचे सगळे शास्त्र या एका हिशेबात साठविलेले आहे: लो हा डाव जिंकण्याचा मार्ग नव्हे, डावात टिकून राहण्याचा परवाना आहे, आणि तो परवाना हाती असताना वरच्या भागावर कोणता दावा उभा करता येतो यावर हाताची खरी योग्यता ठरते. एक्का-दुर्रीबरोबर राजा व नव्वी, चारही पत्ते चार रंगांचे, असा हात आणि एक्का-दुर्री-तिर्रीबरोबर दुसरा एक्का, त्यातही दोन रंगांची दोन-दोन पाने, असा हात, या दोहोंना लो हात म्हणावयाचे हा भाषेचा संकोच झाला. दुसऱ्या हातात एक्क्याच्या रंगाचे तीन पत्ते टेबलावर आले तर सर्वांत मोठा फ्लश, म्हणजे एकरंगी हात, होतो, एक्क्यांची जोडी आधीच हाती आहे, आणि एक्का किंवा दुर्री बाद झाली तरी तिर्री तिच्या जागी उभी राहते.

‘बाद झाली’ या शब्दप्रयोगाचा खुलासा करावयास हवा, कारण या खेळातली सर्वांत क्लेशकारक घटना तीच. तुमच्या हाती इस्पिक एक्का, इस्पिक दुर्री, चौकट चव्वी आणि बदाम राजा आहे असे समजा. फ्लॉपवर बदाम तिर्री, इस्पिक सत्ती, किलवर अठ्ठी पडली. तुमचा लो 87321, आणि या घटकेला याहून सरस लो कोणाचाही असू शकत नाही. शेजारच्या गृहस्थांकडेही एक्का-दुर्रीच आहे, मात्र सोबत राजा-राणी. दोघेही सारख्याच आत्मविश्वासाने चिपा पुढे सारता. टर्नवर चौकट एक्का येतो. शेजाऱ्याचा हात जसाच्या तसा 87321 आहे, त्याचे एकही पान हिरावले गेले नाही, आणि तरीही तो उद्ध्वस्त झाला. कारण आता एक्का सर्वांच्या मालकीचा झाला, ज्याच्याकडे दुर्री-पंजी आहे त्याला 75321 मिळाला, ज्याच्याकडे चव्वी-पंजी आहे त्याला 75431, आणि हे दोन्ही हात त्याच्यापेक्षा सरस आहेत. तुम्ही मात्र एक्का सोडून दुर्री आणि चव्वी हाती धरता, टेबलावरून एक्का, तिर्री, सत्ती घेता, आणि 74321 घेऊन पुन्हा अजिंक्य होता. राजा-राणीच्या जागी ती एक चव्वी असल्याने हा फरक पडला. वेगळा फ्लॉप पडला असता तर हेच काम तिर्रीने केले असते. पण येथे तिर्री टेबलावरच असल्यामुळे हातातली तिर्री निरुपयोगी ठरली असती, ही बारीक गोष्ट एक्का-दुर्री-तिर्री पाहून हुरळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

रिव्हरला इस्पिक पंजी आली असे धरू. तुमच्या दुर्री-चव्वीला टेबलावरील एक्का, तिर्री, पंजी मिळून 54321 झाला, त्यापेक्षा खाली कोणी जाऊ शकत नाही, आणि तीच सरळ ओळही आहे. तेव्हा दोन्ही हिस्से तुमचेच, असा मोह होतो. परंतु टेबलावर पंजी, सत्ती, अठ्ठी आहेत. कोणाकडे छक्की-नव्वी असेल तर त्याची ओळ नव्वीपर्यंत पोचली, आणि वरचा अर्धा त्याचा झाला. छक्की-चव्वीवालाही अठ्ठीपर्यंतची ओळ घेऊन तुमच्या पुढे आहे. खालचा अर्धा सुरक्षित असल्यामुळे तुम्ही बोली वाढवीत जावे हे योग्यच, कारण फार तर त्या अर्ध्यात कोणी दुसरा दुर्री-चव्वीवाला वाटेकरी निघेल. पण या वाढविण्यात ज्याला वरचा भाग मिळणार आहे तोही मनातून सुखावत असतो.

शेजाऱ्याचे हे संकट किती वेळा ओढवते? एक्का, दुर्री, राजा, राणी हाती असताना फ्लॉपवर तिर्री-सत्ती-अठ्ठी पडली, तर न पाहिलेल्या 45 पत्त्यांत तीन एक्के आणि तीन दुऱ्या अशी सहा घातक पाने असतात, आणि पुढील दोन पत्त्यांत त्यांपैकी एखादे येण्याचा संभव शेकडा 25. म्हणजे फ्लॉपवरची अजिंक्यता चारांतून एकदा रिव्हरपर्यंत पोचत नाही. यात वाटेकऱ्याचा संभव मिळविला, आणि मग मिळावयाचे ते अर्धेच हे आठविले, म्हणजे उघड्या एक्का-दुर्रीने फ्लॉपवर मोठमोठ्या बोली लावण्यातला वेडेपणा दिसून येतो. अशा वेळी जाणता खेळाडू नुसती बरोबरी करीत जातो, इतरांना पळवून लावीत नाही, आणि पुष्कळ जण टिकले तर रिव्हरला आपला स्वर चढवितो. ज्याच्याकडे राखीव पान आहे आणि वरच्या भागाचीही आशा आहे, त्याने मात्र फ्लॉपवरच जोर करावा. त्याच्या दृष्टीने मधल्या प्रतीचे हाय हात घालवून देणे हाच लाभ असतो.

फ्लॉपवर लहान पत्ते दोनच आले असता वाट पाहावी की नाही, हा प्रश्न सतत पडतो. एक्का-दुर्री-राजा-गुलाम हाती आणि टेबलावर चव्वी-सत्ती-राणी असेल, तर लो पुरा करावयास तिर्री, पंजी, छक्की किंवा अठ्ठी यांपैकी एक पान लागते. अशी 16 पाने शिल्लक आहेत, आणि दोन पत्त्यांत त्यांतले एक तरी येण्याचा संभव शेकडा 59. टर्न वाया गेला तर तोच संभव 36 वर उतरतो. फ्लॉपवर लहान पत्ता एकटाच असेल तर पुढचे दोन्ही पत्ते अनुकूल लागतात, आणि शेकडा सोळा ही काही पाठलाग करण्याजोगी आशा नव्हे. यांतील 59 हा आकडा ऐकून पुष्कळांना धीर येतो; पण तो अर्ध्या पॉटसाठी आहे, त्यातूनही कधी चतुर्थांश निघतो, आणि एक्का किंवा दुर्री आगंतुक येऊन बसली तर पुरा झालेला लोही दुय्यम ठरतो. म्हणून टेबलावर एकाच रंगाचे पत्ते जमले असतील, किंवा जोडी पडून भरल्या घराची, म्हणजे फुल हाउसची, छाया दिसत असेल, आणि वरच्या भागात आपले काहीच नसेल, तर दोन-तीन जणांच्या मोठ्या बोलीत ही वाट न पाहणेच शहाणपणाचे. राजा-राजा-नव्वी असा फ्लॉप पडला तर एक्का-दुर्री टाकून द्यावी, याबद्दल विचार करण्याचीही गरज नाही. आश्चर्य हे की तेथेही काही जण रेंगाळतात.

याहूनही सूक्ष्म असा एक सापळा आहे. दोघेच उरले आहेत, दोघांकडेही एक्का-दुर्री आहे, पण समोरच्याच्या हाती एक्क्याच्याच रंगाचे आणखी एक पान आहे आणि त्या रंगाची दोन पाने फ्लॉपवर आहेत. लोचा भाग सारखा वाटला जाणार. त्याला फ्लश लागला तर तो वरचा अर्धाही नेईल. तो न लागता दोघांची हाय बाजूही समान राहिली तर तुम्हाला तुमचेच पैसे परत मिळतील. म्हणजे तुम्हाला मिळविण्यासारखे जवळजवळ काही नाही आणि गमावण्यासारखे पुष्कळ आहे. पॉट-लिमिटच्या प्रकारात, जेथे एका बोलीत साऱ्या पॉटइतकी रक्कम लावता येते, तेथे अनुभवी माणसे नेमकी अशीच स्थिती शोधीत असतात, आणि अजिंक्य लोवाल्याला डावाबाहेर हुसकावण्यात त्यांना विशेष आनंद वाटतो. ठरावीक बोलीच्या खेळात हा आघात बेताचा होतो; नवशिक्याने आरंभ तेथेच करावा.

मधल्या पत्त्यांविषयी दोन शब्द. पंजी-छक्की-सत्ती-अठ्ठी असा हात लहान पत्त्यांचा दिसतो, परंतु त्यातून होणारा लो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा असतो आणि सरळ ओळ झालीच तर तीही पुष्कळदा टेबलावर तीन लहान पत्ते असताना, म्हणजे अर्धा पॉट कोणा एक्कावाल्याला देऊनच. एक्का नसलेली दुर्री-तिर्री थोडी बरी. मात्र टेबलावर एक्का आला तरच ती प्रथम क्रमांकावर जाते, तेव्हा तिच्यासाठी पैसे घालणे म्हणजे परक्याच्या पानावर भिस्त ठेवणे.

हात दाखविण्याच्या वेळेचा दस्तुरही जाणून घ्यावा. घरगुती बैठकींत कोण हायसाठी खेळतो आणि कोण लोसाठी, हे आधी जाहीर करण्याची पद्धत आढळते. जुगारगृहांत तसे नसते, तेथे चारही पत्ते उताणे मांडले की पत्तेच काय ते बोलतात, आणि वाटणारा दोन्ही हात जुळवून निवाडा देतो. म्हणून आपला लो हरला असे वाटले तरी पत्ते झाकून फेकू नयेत. चार पत्त्यांच्या सहा जोड्या होतात, आणि त्यांपैकी न पाहिलेल्या एखाद्या जोडीत वरच्या अर्ध्याचा हक्क दडलेला सापडणे ही अपूर्व गोष्ट नाही. पॉटचे दोन सारखे भाग करताना एक चिप उरली, तर ती लोला मिळत नाही. नियमाप्रमाणे ती वरच्या हाताच्या राशीत जाते.